‘किंवा’ म्हणजे ‘आणि’ : खेळातील संहिता आणि अर्थनिर्णयनाचा इतिहास

(१)

संहितेचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेत बहुधा कवितेच्या किंवा कादंबरीच्या संदर्भात विचारला जातो. लेखकाचा हेतू, संहितेची स्वायत्तता आणि वाचकाचा प्रतिसाद या तीन बिंदूंमध्ये ही चर्चा फिरत राहते, आणि तिचा निर्णय लागला नाही तरी कोणाचे काही अडत नाही. एखाद्या ओळीतून दोन अर्थ निघत असतील तर आपण त्याला काव्याची समृद्धी मानतो. तीच ओळ वर्गात एकाने एका प्रकारे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे वाचली, तरी कविता संपत नाही आणि कोणी हरतही नाही.

परंतु भाषाव्यवहाराचे असे एक क्षेत्र आहे, की जेथे वाक्याला दोन अर्थ असणे परवडत नाही. ते क्षेत्र म्हणजे खेळ. पट मांडलेला असतो, समोर प्रतिस्पर्धी बसलेला असतो, आणि हातातील पत्त्यावर छापलेल्या वाक्याचा अर्थ पुढची खेळी होण्यापूर्वी ठरलाच पाहिजे. येथे अर्थनिर्णयन ही कृतीची पूर्वअट असते. म्हणूनच खेळातील संहिता ही अर्थनिर्णयनाच्या सिद्धान्तांची एक कठोर परीक्षा ठरते. जो सिद्धान्त कवितेच्या बाबतीत केवळ आकर्षक वाटतो, तो येथे निभावतो की नाही हे लगेच कळते.

प्रस्तुत निबंधात या परीक्षेच्या इतिहासातील काही टप्पे पाहावयाचे आहेत. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मुंबईचा आहे, आणि तो साहित्यसमीक्षेने नव्हे तर न्यायालयाने गाठला आहे. ‘कौशल्याचा खेळ’ आणि ‘दैवाचा खेळ’ हा कायद्यातील भेद वरवर पाहता संभाव्यतेचा, म्हणजे गणिताचा, भेद वाटतो. भाषेवर आधारलेल्या खेळांपुरता तरी तो मुळात वाचनाचा भेद आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

(२)

आपल्याकडील जुन्या पत्त्यांवर शब्द नव्हते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा अशी १२० गोल पाने असतात : राजा, प्रधान आणि एक ते दहा. या पानांवर चित्र आणि चिन्हांची संख्या एवढेच असते. तरीही त्यांत अर्थाचा प्रश्न होताच. निम्म्या रंगांत मोठी संख्या वरचढ ठरते, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटतो आणि एक्का दहाला जिंकतो. म्हणजे ‘एक’ या चिन्हाचे मूल्य त्या पानात सामावलेले नसते. ते कोणत्या रंगाच्या संदर्भात आले आहे यावर अवलंबून असते. हा संकेत पानावर कोठेही लिहिलेला नाही. तो खेळणाऱ्या समूहाच्या स्मृतीत आहे. सोस्यूरने भाषिक चिन्हाविषयी जे सांगितले, की चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानाने ठरते, त्याचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

बावन्न पत्त्यांच्या इंग्रजी जोडाने हा व्यवहार बदलला नाही. मेंढीकोट, झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन हे खेळ पिढ्यान् पिढ्या छापील नियमांवाचून चालले, आणि ‘आमच्याकडे असं खेळत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक सुटीत, प्रत्येक आजोळी ऐकू आले. येथे मतभेद होतो तो संकेताविषयी, संहितेविषयी नव्हे; कारण संहिताच नसते. घरातील थोरले माणूस निकाल देते आणि डाव पुढे सरकतो. गेल्या शतकाच्या अखेरीस घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या चाळींत आणि सोसायट्यांच्या जिन्यांवर मुले कुस्तीगिरांची ‘ट्रम्प कार्डे’ खेळत, त्यांतही गंजिफेचीच युक्ती परत आली होती. उंची, वजन, छाती यांत मोठा आकडा जिंकतो. परंतु ‘रँक’ या रकान्यात एक हा आकडा सर्वांत मोठा ठरतो. हे कार्डावर छापलेले नव्हते आणि ते कोणाला शिकवावेही लागले नाही.

(३)

खऱ्या अर्थाने संहिता पत्त्यावर आली ती संग्राह्य पत्त्यांच्या खेळात. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा अमेरिकी खेळ १९९३ साली बाजारात आला. त्यात जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर एक छोटासा स्वतंत्र नियम वाक्यरूपाने छापलेला असतो. खेळाचे सामान्य नियम एका पुस्तिकेत आणि त्यांचे हजारो अपवाद पत्त्यांवर, अशी ही रचना आहे. पत्ता खेळणे म्हणजे एक वाक्य उच्चारणे, आणि ते वाक्य उच्चारताच खरे होते. ऑस्टिनने ज्यांना कृतिरूप वाक्ये म्हटले, त्यांचाच हा पुंज आहे.

साहजिकच संदिग्धतेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहिला. खेळ बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीतील एक हकीकत गारफिल्ड यांनी स्वतः सांगितली आहे. ‘स्टारबर्स्ट’ नावाच्या एका पत्त्यावर मोजक्या इंग्रजी शब्दांत असे लिहिले होते, की प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो. अभिप्रेत एवढेच होते, की त्याची एक पाळी हुकावी. एका खेळाडूने मात्र ते वाक्य ‘प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीला हरतो’ असे वाचले, आणि या पत्त्यामुळे आपला विजय निश्चित आहे असे मोठ्या उत्साहाने सांगितले. मूळ इंग्रजीत ‘हरणे’ आणि ‘गमावणे’ यांना एकच क्रियापद आहे, आणि ‘पुढची पाळी’ हे कर्म आहे की क्रियाविशेषण हे वाक्याच्या रचनेवरून कळत नाही. पुढे तो पत्ता नव्या नावाने छापला गेला तेव्हा वाक्य बदलले होते : तो खेळणाऱ्याने आणखी एक पाळी घ्यावी, असे त्यावर लिहिले गेले.

मराठी वाचकाने हा घोटाळा परका मानू नये. आपला ‘डाव’ हा शब्द याहून निसरडा आहे. डाव म्हणजे एक वाटप, डाव म्हणजे संपूर्ण खेळ, डाव म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघाची पाळी, आणि डाव म्हणजे कुस्तीतील पेचही. ‘प्रतिस्पर्ध्याने पुढचा डाव गमावला’ असे वाक्य मराठी पत्त्यावर छापले असते, तर अंधेरीतील खेळाडूंनीही त्याचे दोन-तीन अर्थ सहज लावले असते.

या खेळाने संदिग्धतेवर काढलेला तोडगा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एक, पत्त्यावरील वाक्य आणि सामान्य नियम यांत विरोध आला तर पत्ता बलवान. दोन, एक वाक्य ‘करता येते’ म्हणत असेल आणि दुसरे ‘करता येत नाही’ म्हणत असेल, तर निषेध बलवान. तीन, प्रत्येक पत्त्याचा एक अधिकृत, वेळोवेळी सुधारलेला पाठ प्रकाशक सर्वांसाठी खुला ठेवतो, आणि स्पर्धेत छापील शब्दांऐवजी तो पाठ प्रमाण मानला जातो. खेळाची सविस्तर नियमावली आज दोनशेहून अधिक पानांची झाली आहे. म्हणजे १९९३ सालचा पत्ता हातात धरलेला खेळाडू त्यावर जे छापले आहे ते वाचत नाही. ते आज कसे वाचायचे असे ठरले आहे, ते वाचतो.

हाताशी असलेली प्रत आणि प्रमाण पाठ यांतील हे अंतर मराठी अभ्यासकाला ओळखीचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत भर घालू नये अशी ताकीद दिली, तेव्हा त्यांनीही प्रमाण पाठाची स्थापनाच केली होती. फरक एवढाच, की एकनाथांना पाठ स्थिर करावयाचा होता, तर या खेळाचा प्रकाशक पाठ सतत हलता ठेवतो. दोन्हीकडे प्रमाण पाठ सर्वांपुढे उघड आहे, ही समान बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयाची आहे. कारण मुंबईच्या इतिहासातील जे प्रकरण आता पाहावयाचे आहे, त्यात नेमका हा उघडपणाच नव्हता.

(४)

ते प्रकरण शब्दकोड्यांचे आहे. मुंबई प्रांताने १९४८ साली सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांच्यावर नियंत्रण व कर ठेवणारा कायदा केला. १९५२ साली त्यात दुरुस्ती होऊन मुंबई राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आल्या. आर. एम. डी. चमारबागवाला यांनी स्थापन केलेली कंपनी म्हैसूर संस्थानात नोंदलेली होती. बंगलोरहून निघणाऱ्या ‘द स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून ती ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’ ही बक्षीस-स्पर्धा चालवी. साप्ताहिकाचा मुंबई राज्यात मोठा खप होता, आणि येथील प्रवेशपत्रिका व शुल्क स्थानिक केंद्रांवर गोळा होत. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात कायद्याला आव्हान दिले आणि तेथे निकाल तिच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी तो फिरवला. मुख्य न्यायमूर्ती सु. रं. दास यांनी लिहिलेल्या त्या निकालाने जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असे ठरवले. बोरिवली आणि मुलुंड ही गावे त्याच वर्षी बृहन्मुंबईच्या हद्दीत आली होती.

बक्षिसाच्या शब्दकोड्याची रचना समजून घेतली पाहिजे. आज वृत्तपत्रांत येणाऱ्या कोड्यात प्रत्येक सूचनेला एकच उत्तर असते, आणि ते सापडले की सापडल्याचे कळते. पण असे कोडे हजारो लोक बिनचूक सोडवतील, आणि मग मोठे बक्षीस द्यावयाचे कोणाला? म्हणून बक्षिसाच्या कोड्यात सूचना अशी रचावी लागते, की तिच्यात एकाहून अधिक शब्द बसावेत. याचे उदाहरण म्हणून एक मराठी सूचना आपणच रचू : ‘हा वेळीच आवरला नाही तर घर मोडते.’ पहिल्या घरात ‘रा’ किंवा ‘रो’, दुसऱ्या घरात ‘ग’. राग की रोग? दोन्ही शब्द शोभतात. विचार करणारा वाचक दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करील, म्हणी आठवील, ‘आवरणे’ हे क्रियापद रागाशी अधिक जुळते असे म्हणेल. त्यावर दुसरा सांगेल, की घरे मोडली ती रोगांनीच. परंतु बरोबर उत्तर यांपैकी कोणत्याही युक्तिवादाने ठरत नाही. ते संयोजकांनी आधीच ठरवून बंद करून ठेवलेले असते. वाचकाने ‘योग्य शब्द कोणता’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसते. ‘त्यांनी कोणता शब्द योग्य मानला असेल’ याचा अंदाज करावयाचा असतो. अशा दहा-पंधरा सूचना एकत्र आल्या, की उत्तरांच्या जुळण्या हजारोंच्या घरात जातात, आणि चांगल्या वाचकाची स्थिती नाणे उडवणाऱ्यापेक्षा फारशी बरी राहत नाही.

संदिग्धता ही येथे लेखनातील चूक नाही. धंद्याचे भांडवलच आहे. ‘स्टारबर्स्ट’च्या कर्त्याला दोन अर्थ नको होते. कोडेकाराला ते हवेच असतात, आणि शिवाय त्यांतील एक गुप्तपणे खरा ठरवण्याचा अधिकारही हवा असतो. या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. समीक्षेच्या परिभाषेत त्याचा अर्थ असा, की ज्या वाचनाची प्रमाणे वाचकाला उपलब्ध नाहीत, ते वाचन हा जुगार होय.

याच निकालातील आणखी एक मुद्दा समीक्षेने लक्षात घ्यावा असा आहे. स्पर्धा बंगलोरला रचली आणि छापली जात असताना मुंबईचा कायदा तिला कसा लागू होईल, असा कंपनीचा प्रश्न होता. न्यायालयाचे उत्तर असे, की प्रवेशपत्रिका भरणे, शुल्क देणे ही जुगार खेळणाऱ्याकडून अपेक्षित असलेली बहुतेक सगळी कृती मुंबई राज्यातच घडते. दुसऱ्या शब्दांत, संहिता कोठे रचली गेली यापेक्षा ती कोठे वाचली आणि भरली गेली हे निर्णायक मानले गेले. अर्थाची घटना वाचकाच्या ठिकाणी घडते, हे वाचक-प्रतिसादवादी समीक्षेने सत्तरीच्या दशकात आग्रहाने मांडलेले सूत्र येथे करवसुलीच्या प्रश्नावर आधीच उपयोगात आलेले दिसते.

(५)

संदिग्ध कोड्यांना आळा घालणारा कायदा स्वतःच संदिग्ध होता, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. १९५२ च्या दुरुस्तीनंतरच्या व्याख्येत शब्दकोडे, गाळलेला शब्द, चित्र, अंक अशा स्पर्धांची यादी होती, आणि तिच्यापुढे साधारण अशा आशयाचे उपवाक्य होते : जिचे उत्तर संयोजकांनी आधी तयार केलेले आहे वा नाही, किंवा जिचे उत्तर चिठ्ठीने वा दैवाने ठरते. हे वाक्य शब्दशः वाचले तर काय होते? प्रत्येक स्पर्धेचे उत्तर एक तर आधी तयार केलेले असते किंवा नसते. म्हणजे उपवाक्याच्या पूर्वार्धातच जगातील सर्व स्पर्धा आल्या, आणि ‘किंवा’च्या पुढील दैवाची अट निरर्थक झाली. निव्वळ बुद्धिकौशल्याची स्पर्धाही मग या व्याख्येत अडकेल. न्यायालयाने म्हणून त्या ठिकाणचा ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचला : उत्तर आधी तयार असो वा नसो, आणि ते दैवाने ठरत असेल, तरच ती स्पर्धा या कायद्याची.

त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी संसदेच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याचा विचार केला. त्या कायद्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची आणि प्रवेशपत्रिकांवर २,००० ची मर्यादा घातली होती. त्याच्या व्याख्येत तर दैवाचा उल्लेखही नव्हता. अक्षरे, शब्द किंवा अंक यांच्या जुळणीवर आधारलेले कोणतेही कोडे तीत बसत होते. गंमत अशी, की कोडेवाल्यांनी येथे शब्दशः वाचनाचा आग्रह धरला. व्याख्येत कौशल्याच्या स्पर्धाही येतात, म्हणून कायदा अवाजवी आणि रद्दबातल ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. संदिग्धतेवर पोट भरणारे एकार्थाचे कैवारी झाले होते. न्यायालयाने ते मानले नाही. कायदा होण्यापूर्वीची स्थिती काय होती, कोणता दोष दूर करावयाचा होता आणि त्यावर कोणता उपाय योजला गेला, हे पाहून व्याख्येचा संकोच करण्यात आला.

तिसरा शब्द ‘केवळ’ हा. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, ‘केवळ कौशल्याच्या’ खेळांना सूट दिली होती. पण ज्यात दैवाचा लेशही नाही असा खेळ कोणता? बुद्धिबळातही पांढरी मोहरी कोणाला मिळावी हे दैव ठरवते. म्हणून १९५७ च्या निकालांच्या आधारे ‘केवळ’चा अर्थ ‘प्रामुख्याने’ असा स्थिर झाला. पुढे २२ नोव्हेंबर १९६७ रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी आंध्रातील एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते सोडावे याचा विवेक करावा लागतो, हे त्याचे कारण. तीन पत्तीसारख्या खेळाला ही सवलत मिळाली नाही. रमीतही पाने पालथी असतात. पण जी पडली ती सर्वांसमोर पडतात, आणि त्यांवरून अनुमान करता येते. कोड्याच्या बंद उत्तरावरून अनुमान करण्यास मात्र काहीही पडलेले नसते.

(६)

‘किंवा’ म्हणजे ‘आणि’ हे वाचन सामान्य माणसाला धक्कादायक वाटेल. मीमांसेच्या परंपरेला त्याचे नवल वाटणार नाही. परस्परविरोधी वा संदिग्ध वाक्यांचा अर्थ लावण्याचे जे शास्त्र जैमिनी आणि शबरस्वामी यांनी उभारले, त्यात वाक्यातील कोणताही शब्द निरर्थक मानू नये हा मूलभूत दंडक आहे. ‘किंवा’ शब्दशः घेतल्याने दैवाची अट व्यर्थ जाते. म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो आणि लक्षणेने ‘आणि’ घ्यावा लागतो. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मम्मटामुळे परिचित असलेली मुख्यार्थबाधाची अट येथे न्यायालयात काम करताना दिसते. विकल्पाविषयी तर मीमांसकांना विशेष नावड आहे. यज्ञासाठी तांदूळ वापरावा असे एक वाक्य आणि यव वापरावा असे दुसरे. अशा ठिकाणी नाइलाजाने विकल्प मानावा लागतो, पण विकल्पाला आठ दोष चिकटलेले असतात असे ते बजावतात. दुसरी वाट असेपर्यंत ‘किंवा’ स्वीकारू नये, हा त्यातील बोध.

तुलना आणखी पुढे नेता येईल. पत्ता सामान्य नियमाहून बलवान, हा अमेरिकी खेळाचा दंडक म्हणजे आपला उत्सर्ग-अपवादन्याय. मात्र विधी आणि निषेध समोरासमोर आले की तो खेळ सरसकट निषेधाला जय देतो. अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे आणि घेऊ नये अशी दोन वाक्ये आली असता मीमांसक दोन्हींचे प्रामाण्य राखण्यासाठी विकल्प पत्करतो. खेळाला निकाल हवा असतो. मीमांसकाला वेदातील एकही वाक्य गमवावयाचे नसते. नियम कसा ठरतो हे त्या व्यवहाराच्या प्रयोजनावर अवलंबून असते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

मीमांसेचे खरे महत्त्व तिच्या एका गृहीतकात आहे. तिच्या मते वेद अपौरुषेय आहे; त्याला कर्ता नाही. या मताची धार्मिक बाजू क्षणभर दूर ठेवली, तर त्याचा पद्धतिविषयक परिणाम विलक्षण आहे. कर्ताच नसल्यामुळे कर्त्याच्या मनातील गुप्त उत्तर असूच शकत नाही. अर्थ ठरवावयाचा तो श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या उघड प्रमाणांनी, आणि त्यांत विरोध आला तर आधीचे नंतरच्याहून बलवान, या उघड क्रमाने. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेला जे मोठे स्थान दिले, ते केवळ पांडित्यापोटी नव्हे. निबंधकारांनी परस्परविरोधी स्मृतिवचनांतून व्यवहाराचा कायदा याच साधनांनी काढला होता, हे त्यांना दाखवावयाचे होते.

(७)

आता समीक्षेकडे वळता येईल. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकहेतूच्या तर्कदोषाची चर्चा केली, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप असा होता, की कवीचा हेतू निर्णयाचे प्रमाण म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो. हिर्श यांनी १९६७ मध्ये उलट बाजू मांडली : लेखकाचा अर्थ सोडला तर वाचनाची वैधता ठरवण्यास निकषच उरत नाही. फिश यांनी पुढे अर्थाचा आधार वाचकसमूहाच्या संकेतांत शोधला. खेळांचा हा इतिहास तिघांनाही एक दुरुस्ती सुचवतो.

हेतूचा आधार घेणे हा स्वयमेव दोष नाही. दुसऱ्या निकालात न्यायालयाने विधिमंडळाचा हेतूच शोधला. परंतु तो कोणाच्या मनात डोकावून नव्हे, तर आधीचा कायदा, दोष आणि उपाय या सर्वांना पाहता येणाऱ्या पुराव्यांवरून. कोडेकाराचा हेतू आणि विधिमंडळाचा हेतू यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो निर्णायक आहे : एक लिफाफ्यात बंद असतो, दुसरा युक्तिवादाला खुला असतो. समूहाचे संकेतही याच कसोटीला उतरले पाहिजेत. गंजिफेतील उलटा क्रम पानावर लिहिलेला नसला तरी खेळात नव्याने बसणाऱ्याला तो सांगितला जातो. डाव सुरू झाल्यावर शोधून काढला जात नाही. तेव्हा अर्थ लेखकाचा, संहितेचा की वाचकाचा, यापेक्षा अर्थाची प्रमाणे वाचनापूर्वी वाचकाच्या आवाक्यात होती की नाही, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

यावर असा आक्षेप येईल, की साहित्य म्हणजे नियमबद्ध खेळ नव्हे. ध्वनी आणि श्लेष यांना एकार्थाच्या कसोटीवर तपासणे हा अरसिकपणा होय. आक्षेप ग्राह्य आहे. पण तो प्रस्तुत मुद्द्याला लागू पडत नाही. श्लेषात दोन्ही अर्थ वाचकापुढे उघड असतात आणि दोन्ही घ्यावयाचे असतात. तेथे खऱ्या अर्थाने ‘किंवा’ म्हणजे ‘आणि’ असते. ध्वन्यर्थाकडे नेणारी वक्ता, प्रकरण, देश, काल ही साधनेही आपल्या काव्यशास्त्राने नावनिशीवार सांगितली आहेत. अनेकार्थता आणि गुप्तार्थता या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने वाचक श्रीमंत होतो, दुसरीने तो परावलंबी होतो.

हा भेद जेथे प्रत्यक्ष जीवनाला भिडतो, ते ठिकाण म्हणजे आपला साहित्याचा वर्ग. उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी घेऊन बसणारा विद्यार्थी पुष्कळदा घरातील पहिला पदवीधर असतो. ‘प्रस्तुत कवितेतून कवीला काय सुचवायचे आहे?’ असा प्रश्न तो प्रश्नपत्रिकेत वाचतो, तेव्हा त्याला ठाऊक असते की नमुना-उत्तर आधीच तयार होऊन बंद पाकिटात पडलेले आहे. कवितेशी झगडून त्याने एक अर्थ लावला, त्याला ओळींचा आधारही दिला, तरी पाकिटातील शब्द वेगळा निघाला तर गुण जातात. मग तो कविता वाचणे सोडतो आणि बाजारातील मार्गदर्शके वाचू लागतो. कोड्याच्या काळातील वाचक संयोजकाचा कल ओळखू पाहत असे, तसा तो परीक्षकाचा कल ओळखू पाहतो. बहुपर्यायी प्रश्नांनी तर ‘राग की रोग’ हीच रचना परीक्षेत आणली आहे. अशा विद्यार्थ्याला आपण आळशी म्हणतो. वास्तविक त्याने आपण मांडलेला डाव बरोबर ओळखलेला असतो. १९५७ ची कसोटी येथे लावली, तर आपल्या अनेक प्रश्नपत्रिका कौशल्याच्या सदरात बसणार नाहीत. यावर उपाय प्रश्न सोपे करणे हा नाही. वाचनाची प्रमाणे, त्यांचा बलाबलक्रम आणि विरोधी वाचनाला उत्तर देण्याची रीत ही आधी, सर्वांदेखत शिकवणे, आणि मग सप्रमाण मांडलेल्या प्रत्येक वाचनाला गुण देणे, हा उपाय आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळाची व्याख्या करताना तो कौशल्याचा असो, दैवाचा असो किंवा दोन्हींचा असो, असे स्पष्टच लिहिले आहे. १८८७ पासून ‘केवळ’ या शब्दाभोवती उभी राहिलेली मीमांसा त्या क्षेत्रापुरती या एका वाक्याने बाजूला सारली. पैशांनी उद्ध्वस्त होणारी घरे पाहता विधिमंडळाला तसे करणे आवश्यक वाटले असेल. कायद्याला हा भेद सोडून देता येतो, कारण बंदी घालण्यासाठी त्याला वाचकाच्या कौशल्याची गरज नसते. साहित्याच्या अध्यापकाला मात्र तो सोडता येत नाही. वाचनाचे कौशल्य असते आणि ते शिकवता येते, एवढ्याच एका गृहीतकावर त्याचा वर्ग भरतो.